प्राध्यापकांसाठी कोर्स-आखणीची कार्यशाळा: ही जबाबदारी प्रथमच घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

शाळेत शिकवण्यासाठी बी.एड. किंवा डी.एल.एड. झालेले असावे लागते. महाविद्यालयात शिकवण्यासाठी पदव्युत्तर पदवीबरोबर नेट, सेट किंवा पीएच.डी. असली की पात्रता पूर्ण होते. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनाविषयी प्रश्न असतात खरे, परंतु ते बहुपर्यायी असल्यामुळे उमेदवाराला काही आखून किंवा करून दाखवावे लागत नाही. परिणामी जूनमध्ये रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकाचे विषयज्ञान भक्कम असते, पण हाती आलेल्या दोन-तीन पानी अभ्यासक्रमातून पूर्ण सेमिस्टरचा कोर्स कसा उभा करायचा, हे त्याला कोणीही शिकवलेले नसते. वरिष्ठांच्या जुन्या नोट्स, बाजारात मिळणारी गाइडे आणि मागील प्रश्नपत्रिका एवढ्या भांडवलावर तो शिकवू लागतो, आणि तीच सवय पुढे निवृत्तीपर्यंत टिकते.

ही उणीव भरून काढण्याचे काम बहुधा महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडे, म्हणजे आयक्यूएसीकडे येते, आणि तिथून ते एखाद्या उत्साही सहकाऱ्याकडे सोपवले जाते. मुंबईतील एखाद्या महाविद्यालयात अशी कार्यशाळा प्रथमच घेण्याची जबाबदारी आपल्यावर आली असेल, तर पुढील मजकूर आपल्यासाठी आहे. येथे सांगितलेल्या सर्व पायऱ्यांमागे एकच आग्रह आहे: कार्यशाळा संपताना प्रत्येक सहभागी प्राध्यापकाच्या हातात त्याच्या स्वतःच्या, येत्या सेमिस्टरमध्ये शिकवायच्या एका कोर्सचा आराखडा तयार असला पाहिजे. प्रमाणपत्र, समूहछायाचित्र आणि पीपीटीच्या प्रती यांनी वर्गात काहीही बदलत नाही.

पहिली पायरी: प्राध्यापकाच्या हातात काय आहे, हे स्पष्ट करावे

मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयात अभ्यासक्रम प्राध्यापक ठरवत नाही. तो अभ्यासमंडळ तयार करते आणि विद्यापरिषदेच्या मान्यतेनंतर लागू होतो. स्वायत्त महाविद्यालयांना स्वतःची अभ्यासमंडळे असतात, त्यामुळे तेथील प्राध्यापकाला घटक बदलण्यासही वाव असतो. ही दोन्ही प्रकारची माणसे एकाच कार्यशाळेत बसणार असतील, तर दोघांचे अधिकार वेगळे आहेत हे आरंभीच मान्य करावे. अन्यथा पहिल्या तासातच कोणीतरी म्हणते की अभ्यासक्रम आमच्या हातात नाही, तर आम्ही आखायचे काय, आणि त्या प्रश्नाला उत्तर न मिळाल्यास अर्धा वर्ग मनाने बाहेर पडतो.

उत्तर असे आहे की छापील अभ्यासक्रम केवळ घटकांची नावे, तासांची ढोबळ विभागणी आणि संदर्भग्रंथ सांगतो. कोणत्या प्रश्नापासून सुरुवात करायची, कोणत्या घटकावर मुक्काम करायचा आणि कोणता दोन तासिकांत ओलांडायचा, उदाहरणे कोठली घ्यायची, विद्यार्थ्यांकडून वर्गात काय करून घ्यायचे, अंतर्गत गुण कशासाठी द्यायचे, हे सारे शिकवणाऱ्याच्याच हातात असते, आणि विद्यार्थ्याच्या पदरात जे पडते ते बहुतांशी या निर्णयांवर ठरते. पहिल्याच सत्रात प्रत्येकाला कागदाचे दोन भाग करून एका बाजूला ‘ठरलेले’ आणि दुसऱ्या बाजूला ‘माझ्या हातातले’ अशी यादी करायला लावावी. दुसरी बाजू नेहमीच अपेक्षेपेक्षा मोठी निघते.

कार्यशाळेसाठी कोणता कोर्स निवडावा, याबाबत माझे मत ठाम आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार रचना बदलल्यापासून मेजर (मुख्य) आणि मायनर (दुय्यम) विषयांच्या जोडीला भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण, कौशल्यवर्धन, ओपन इलेक्टिव्ह असे दोन-दोन क्रेडिटचे, म्हणजे तीस-तीस तासांचे, अनेक कोर्स आले आहेत. त्यांच्यासाठी जुन्या नोट्स नाहीत, रुळलेल्या प्रश्नपत्रिका नाहीत, आणि अनेकदा ते ज्यांना शिकवावे लागतात त्यांचे पदव्युत्तर शिक्षण त्या विषयातले नसते. आखणीची गरज तेथे सर्वांत तीव्र आहे आणि सवयीचा अडथळा सर्वांत कमी. म्हणून शक्य असेल तर प्रत्येकाने असाच एखादा लहान कोर्स आणावा. चार क्रेडिटचा मेजर कोर्स दोन दिवसांत नीट आखून होत नाही.

दुसरी पायरी: वेळ, जागा आणि माणसे

मे महिन्याचा अखेरचा आठवडा किंवा महाविद्यालय उघडल्यानंतरचे अगदी पहिले दिवस, आणि दुसऱ्या सेमिस्टरसाठी दिवाळीनंतरचा काळ, या दोनच वेळा उपयोगाच्या असतात. पेपर तपासणी चालू असताना कार्यशाळा ठेवू नये. माणसे शरीराने येतात आणि लॅपटॉपवर उत्तरपत्रिका तपासत बसतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. सेमिस्टरच्या मध्ये ठेवण्यातही अर्थ नाही, कारण तोवर टीचिंग प्लॅन भरून दिलेला असतो.

दोन दिवस, दररोज साधारण पाच तासांचे काम, आणि सेमिस्टर सुरू झाल्यावर अर्ध्या दिवसाची एक पुनर्भेट, एवढा आवाका पुरेसा आहे. वीस ते चोवीस सहभागी असावेत. वेळ अकरा ते पाच ठेवल्यास विरार, कर्जत, पनवेलहून येणाऱ्यांना गर्दीच्या गाड्या टाळता येतात. ही बाब किरकोळ वाटली तरी सकाळी आठला बोलावलेल्या आणि घामाघूम होऊन पोहोचलेल्या माणसाकडून पहिल्या सत्रात विचाराची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. जागा मात्र सभागृहाची नको. दक्षिण मुंबईतील जुन्या इमारतींमध्ये वर्गांतील बाके जमिनीला पक्की केलेली असतात आणि तिघांनी समोरासमोर बसून काम करणे अशक्य होते. अशा ठिकाणी ग्रंथालयाची वाचनखोली किंवा स्टाफ रूम मागून घ्यावी.

तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्राध्यापकांना न चुकता बोलवावे. अनेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षाचे कितीतरी वर्ग तेच सांभाळतात, शिवाय एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात धावत असतात, आणि तरीही प्रशिक्षणाच्या यादीत त्यांची नावे सर्वांत शेवटी येतात. त्यांना तासिकेप्रमाणेच मानधन मिळते, त्यामुळे कार्यशाळेच्या दोन दिवसांचे मानधन देण्याची तरतूद प्राचार्यांकडून आधीच मंजूर करून घ्यावी. कायम प्राध्यापकाने पगारी वेळेत जे शिकायचे, ते तासिका तत्त्वावरील सहकाऱ्याने पदरमोड करून शिकावे, ही अपेक्षा आपण ठेवता कामा नये.

प्राध्यापक-प्रशिक्षणाच्या मालवीय मिशनखालील केंद्रांत होणारे ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर हे कार्यक्रम पदोन्नतीसाठी आवश्यक असतात, तेव्हा ‘हे आम्ही केलेले आहे’ असे काही जण सांगतील. त्यांच्याशी वाद घालू नये. त्या कार्यक्रमांत धोरणाची आणि विषयातील नव्या प्रवाहांची ओळख होते. महाविद्यालयातील कार्यशाळेचे बळ वेगळे आहे. येथे ज्याच्याबरोबर आराखडा केला तो सहकारी ऑगस्टमध्येही शेजारच्या टेबलावर बसलेला असतो.

तिसरी पायरी: आधी मागवायचे साहित्य

कार्यशाळेपूर्वी एक आठवडा प्रत्येकाकडून चार गोष्टी मागवाव्यात: कोर्सचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, उपलब्ध असल्यास मागील दोन प्रश्नपत्रिका, अंतर्गत मूल्यमापनासाठी मागच्या वेळी विद्यार्थ्यांना दिलेले काम, आणि आपल्या वर्गाविषयी अर्धे पान. या अर्ध्या पानात विद्यार्थिसंख्या, शालेय शिक्षणाचे माध्यम, कामधंदा करणाऱ्यांचे अंदाजे प्रमाण आणि नेमके कोठे विद्यार्थी अडतात याविषयीचा स्वतःचा अनुभव लिहावा.

या अर्ध्या पानावर पहिले सत्र चालवावे. सकाळी सातच्या तासिकेला येणारा, बारानंतर दुकानात किंवा डिलिव्हरीच्या कामावर जाणारा आणि रात्री दहाला घरी पोहोचणारा विद्यार्थी मुंबईच्या वाणिज्य वर्गांत अपवाद नाही. त्याला ‘घरी वाचून या’ असे सांगितले तर तो लोकलमध्ये मोबाइलवर वाचेल. म्हणजे वाचनसाहित्य उभ्याने, एका हाताने आणि पंधरा मिनिटांत वाचता येण्याजोगे हवे. स्कॅन केलेले चाळीस पानांचे प्रकरण त्याच्या उपयोगाचे नाही. त्यातील नेमकी चार पाने निवडणे हा आखणीचा भाग आहे. प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्याचा दिवस एकदा तासागणिक कागदावर मांडला, की पुढील दोन दिवस अव्यवहार्य कल्पना आपोआप गळून पडतात.

चौथी पायरी: निष्पत्ती लिहिणे

कार्यशाळेतील सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाचे काम हे आहे, त्यामुळे त्यासाठी पूर्ण अर्धा दिवस राखून ठेवावा. कोर्स संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे, हे नेमक्या वाक्यात लिहिणे म्हणजे अध्ययन निष्पत्ती लिहिणे. शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली मांडलेली आणि २००१ साली अँडरसन व क्रॅथवोल यांनी सुधारलेली, शिकण्याच्या पातळ्यांची उतरंड बहुतेक सहभागींनी पाहिलेली असते: आठवणे, समजणे, उपयोजन करणे, विश्लेषण करणे, मूल्यमापन करणे, निर्मिती करणे. अडचण अशी की या उतरंडीबरोबर क्रियापदांचा एक तक्ताही हाती पडतो, आणि मग त्या तक्त्यातून एकेक क्रियापद उचलून घटकाच्या नावाला जोडले जाते. अशा निष्पत्ती नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फाइलमध्ये शोभतात, परंतु त्यांवरून कोणती तासिका कशी घ्यावी हे कळत नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. पर्यावरण अभ्यासाच्या दोन क्रेडिटच्या कोर्समध्ये ‘नैसर्गिक आपत्ती व व्यवस्थापन’ असा घटक आहे असे समजा. पहिल्या प्रयत्नात प्राध्यापक लिहितात: ‘विद्यार्थ्यांना पूर व्यवस्थापनाची माहिती होईल.’ माहिती झाली की नाही, हे ओळखायचे कसे, असे विचारावे. दुसऱ्या प्रयत्नात वाक्य येते: ‘विद्यार्थी शहरी पुराची कारणे स्पष्ट करतील.’ हे बरे आहे, पण गाइडमधील सहा मुद्दे पाठ करूनही हे साधते. मग विचारावे की ही कारणे विद्यार्थ्याने कोठे वापरून दाखवली तर आपले समाधान होईल. तिसऱ्या किंवा चौथ्या प्रयत्नात असे काही हाती लागते: ‘आपल्या परिसरात पाणी साचणाऱ्या एका ठिकाणाची निवड करून, पावसाच्या नोंदी, भरतीच्या वेळा, जमिनीचा उतार आणि नाल्यांची स्थिती यांच्या आधारे तेथे पाणी का साचते हे विद्यार्थी मांडतील आणि त्यावर झालेल्या किंवा सुचवलेल्या एका उपायाचे गुणदोष सांगतील.’

हे वाक्य लांब आहे, पण त्यातून पुढचे सर्व निर्णय निघतात. विद्यार्थ्याला पावसाच्या नोंदी वाचता यायला हव्यात, म्हणजे कुलाबा आणि सांताक्रूझ येथील हवामान केंद्रांचे आकडे वर्गात हाताळावे लागतील. भरतीचा संबंध कळायला हवा, म्हणजे समुद्राची पातळी चढलेली असताना नाल्यांच्या मुखातून पाणी बाहेर का जात नाही, हे शिकवावे लागेल. शहराची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून बांधलेली होती आणि त्या सुधारण्याच्या महापालिकेच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ती क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत वाढवण्याचे ठरले, हा तपशील पाठांतरासाठी न राहता विद्यार्थ्याच्या हातातील साधन बनतो. उपायाचे गुणदोष सांगायचे, तर दादरच्या हिंदमाता परिसरातील पाणी साठवण्यासाठी महापालिकेने बांधलेल्या भूमिगत टाक्यांसारखे उदाहरण तयार असतेच. घटक तोच राहिला, अभ्यासक्रमातील एक शब्दही बदलला नाही, आणि तरी कोर्स वेगळा झाला.

दोन क्रेडिटच्या कोर्सला चार निष्पत्ती पुष्कळ झाल्या. सहा-सात लिहिणाऱ्याला विचारावे की यांतील कोणत्या दोन साधल्या नाहीत तर कोर्स वाया गेला असे आपल्याला वाटेल. हा प्रश्न विचारल्यावर माणसे थोडा वेळ गप्प होतात. तो वेळ द्यावा, घाईने पुढे जाऊ नये.

पाचवी पायरी: मूल्यमापन तासिकांच्या आधी ठरवावे

आपल्याकडे क्रम बहुधा उलटा असतो. आधी पोर्शन, मग शिकवणे, आणि परीक्षा विभागाची नोटीस लागली की प्रश्नपत्रिका. कार्यशाळेत हा क्रम जाणीवपूर्वक बदलावा: निष्पत्ती लिहून झाल्याबरोबर, तासिकांचा विचार करण्याआधी, प्रत्येक निष्पत्ती साधल्याचा पुरावा काय असेल हे ठरवावे. शिक्षणतज्ज्ञ जॉन बिग्ज यांनी १९९६ साली मांडलेल्या विचाराचा गाभा हाच आहे की निष्पत्ती, अध्यापन आणि मूल्यमापन एकमेकांशी जुळलेले असले पाहिजेत, कारण विद्यार्थी अभ्यास करतो तो परीक्षेत जे मोजले जाते त्याचा.

यासाठी सर्वांत परिणामकारक कृती म्हणजे जुन्या प्रश्नपत्रिकेची तपासणी. सहभागींनी स्वतःची मागील प्रश्नपत्रिका समोर ठेवावी आणि प्रत्येक प्रश्नाशेजारी दोन गोष्टी लिहाव्यात: हा प्रश्न कोणत्या निष्पत्तीचा आहे, आणि तो केवळ पाठांतराने सोडवता येईल का. ‘टिपा लिहा’, ‘वैशिष्ट्ये सांगा’, ‘फायदे-तोटे लिहा’ या प्रश्नांसमोर काय लिहावे लागते ते प्रत्येकाला स्वतःच दिसते. प्रशिक्षकाने येथे काहीही बोलू नये. एखाद्याच्या प्रश्नपत्रिकेचे जाहीर वाचन तर मुळीच करू नये. तपासणी ज्याची त्याने करायची आहे.

सत्रान्त परीक्षेचा आराखडा संलग्न महाविद्यालयांत बऱ्याच अंशी बांधलेला असतो, पण अंतर्गत गुण मोकळे असतात. जेथे अंतर्गत आणि बाह्य मूल्यमापनाची विभागणी ४० आणि ६० अशी आहे, तेथे ४० गुण ही फार मोठी जागा आहे, आणि आज ती अनेकदा एक चाचणी, एक ‘प्रोजेक्ट’ आणि उपस्थिती यांत संपते. प्रोजेक्ट तर आता चॅटजीपीटीकडून पाच मिनिटांत लिहून मिळतो. त्यावर बंदी घालण्यात शक्ती खर्च करण्यापेक्षा असे काम द्यावे, ज्यात विद्यार्थ्याला प्रत्यक्ष जाऊन पाहावे, मोजावे किंवा कोणाशी बोलावे लागेल, आणि ज्याविषयी त्याला तोंडी दोन प्रश्न विचारता येतील. आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरील तुंबलेल्या गटाराची नोंद विद्यार्थ्यालाच करावी लागते.

यावर येणारा आक्षेप तपासणीच्या वेळेचा असतो, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर हिशेबाने द्यावे. वर्गात १२० विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाचा निबंध तपासायला दहा मिनिटे लागतात असे धरले, तर वीस तास झाले. ते कोणी करणार नाही. पाच-पाच जणांचे गट केले तर चोवीस गट होतात. प्रत्येक गटाचे दोन पानी टिपण आणि तीन-चार मिनिटांची तोंडी चाचणी मिळून पंधरा मिनिटे धरली, तर सहा तास होतात, आणि ते चार आठवड्यांवर पसरता येतात. गटात काम न करणाऱ्याला फुकट गुण मिळू नयेत म्हणून टिपणाचे गुण गटाला आणि तोंडी प्रश्नांचे गुण व्यक्तीला द्यावेत, आणि प्रश्न कोणाला विचारायचा हे त्या क्षणी ठरवावे.

गुण कशासाठी, हे सांगणारा रूब्रिक तक्ता सोपा ठेवावा: तीन किंवा चार निकष आणि प्रत्येकाच्या तीन पातळ्या. तो काम देतानाच विद्यार्थ्यांच्या हातात द्यावा. कार्यशाळेत सहभागींनी एकमेकांच्या तक्त्याने एकच नमुना टिपण तपासून पाहावे. दोघांच्या गुणांत मोठा फरक पडला, तर तक्त्यातील शब्द अजून मोघम आहेत असे समजून ते दुरुस्त करावेत.

सहावी पायरी: आठवड्यांचा हिशेब

एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरमध्ये १५ तासांची व्याख्याने किंवा ३० तासांचे प्रात्यक्षिक. दोन क्रेडिटचा व्याख्यानाचा कोर्स म्हणजे ३० तास, पंधरा आठवड्यांत आठवड्याला दोन. हा कागदावरील हिशेब झाला. पहिल्या सेमिस्टरमध्ये अतिवृष्टीमुळे बंद राहिलेले दिवस, गणपतीची सुट्टी, महाविद्यालयीन महोत्सव आणि परीक्षेच्या कामामुळे बुडालेल्या तासिका धरल्या, तर हाताशी बारा-तेरा आठवडे उरतात. शिवाय तासिका ४८ मिनिटांची असेल, तर तास आणि तासिका यांचा मेळ वेळापत्रकावर वेगळा घालावा लागतो. म्हणून आराखडा बारा आठवड्यांचाच करावा आणि उरलेला वेळ उजळणीसाठी व मागे पडलेल्यांसाठी राखून ठेवावा.

प्रत्येक आठवड्यासमोर चार रकाने पुरेत: या आठवड्यात विद्यार्थी कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधत आहेत, शिक्षक काय समजावून सांगणार, विद्यार्थी वर्गात काय करणार, आणि कोणत्या निष्पत्तीकडे हे जाते. तिसरा रकाना सलग दोन आठवडे रिकामा राहिला तर तिथे थांबून विचार करावा.

सातवी पायरी: मोठ्या वर्गात विद्यार्थ्यांकडून काम करून घेणे

शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गात कृती शक्य नाही, असे मत सर्वत्र ऐकू येते. त्यावर व्याख्यान देण्यापेक्षा एक कृती तिथल्या तिथे करून दाखवावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर. हे दोन आकडे फळ्यावर लिहावेत आणि एवढेच विचारावे: ‘एकाच शहरात असे का घडले असेल, आणि कुलाब्याच्या आकड्यावर विसंबून राहिलेल्या अधिकाऱ्याची काय चूक झाली असती?’ दोन मिनिटे प्रत्येकाने वहीत एकट्याने लिहायचे, तीन मिनिटे शेजाऱ्याशी बोलायचे, आणि मग पाच-सहा जणांची उत्तरे ऐकायची. एकूण दहा-बारा मिनिटे जातात, बाके हलवावी लागत नाहीत, आणि त्यानंतर स्थानिक ढगफुटीसदृश पावसाविषयी जे सांगायचे ते ऐकण्यासाठी वर्ग तयार झालेला असतो. सहभागींनी ही कृती विद्यार्थी म्हणून अनुभवल्यावर आपल्या विषयातील तसाच एक प्रश्न लिहावा. लेखाशास्त्राच्या प्राध्यापकाला दोन दुकानांचे ताळेबंद पुरतात. मराठीच्या प्राध्यापकाला एकाच कवितेची दोन परस्परविरोधी आकलने.

प्रश्न चांगला आहे की नाही, याची कसोटी सोपी आहे. एकट्याने लिहिलेले उत्तर शेजाऱ्याशी बोलल्यावर बदलण्याची शक्यता असेल, तर तो प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे.

आठवी पायरी: भाषेचा विचार

मुंबईतील महाविद्यालयांत कला शाखेचे काही वर्ग सोडल्यास माध्यम बहुधा इंग्रजी असते, आणि समोर मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती माध्यमांतून आलेली मुले असतात. त्यांना विषय कळत नाही, की इंग्रजीतील प्रश्न कळत नाही, हे वेगळे करणे हा आखणीचाच भाग आहे. प्रत्येक घटकातील दहा-बारा संज्ञांची छोटी यादी मराठी-हिंदी स्पष्टीकरणासह पहिल्याच तासिकेला द्यावी. गटचर्चा कोणत्याही भाषेत होऊ द्यावी आणि लेखन माध्यमाच्या भाषेत करून घ्यावे. रूब्रिकमध्ये भाषेच्या शुद्धतेला, ती निष्पत्ती नसेल तर, गुण ठेवू नयेत. वर्गात कधीही न बोलणारी मुले गटात मराठीतून किती नेमके बोलतात, हे पाहिलेल्या कोणालाही या पायरीची गरज पटवून द्यावी लागत नाही.

नववी पायरी: परस्पर परीक्षण

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघा-तिघांच्या गटांत आराखडे तपासले जावेत. गट पाडताना दोघे एकाच किंवा जवळच्या विषयाचे आणि तिसरा पूर्णपणे वेगळ्या शाखेचा असावा. विषयातील सहकारी आशयाची चूक पकडतो. परक्या विषयाचा माणूस पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या जागी असतो आणि ‘हे मला कळले नाही’ असे मोकळेपणाने म्हणू शकतो. त्याचे ते वाक्य फार उपयोगाचे आहे.

विभागप्रमुख आणि त्यांच्याच विभागातील नवा प्राध्यापक एका गटात ठेवू नयेत. नव्या माणसाला सरांची निष्पत्ती मोघम आहे असे म्हणता येत नाही, आणि सरांनाही ते ऐकणे जड जाते. प्रत्येक परीक्षकाने तीनच गोष्टी लिहून द्याव्यात: कोणती निष्पत्ती मूल्यमापनात कोठेच आलेली नाही, कोणत्या आठवड्यात काम दाटलेले आहे, आणि आपण विद्यार्थी असतो तर कोठे हरवलो असतो.

कागदपत्रांचे काम शेवटच्या तासासाठी ठेवावे. कोर्स निष्पत्ती आणि पदवी कार्यक्रमाच्या निष्पत्ती यांचे मॅपिंग नॅकसाठी, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत एनबीए या मान्यता देणाऱ्या मंडळासाठी, द्यावे लागते. आराखडा प्रामाणिकपणे झालेला असेल तर तो तक्ता अर्ध्या तासात भरता येतो. उलट क्रमाने गेल्यास, म्हणजे तक्त्यापासून सुरुवात केल्यास, दोन दिवस आकडे जुळवण्यात जातात आणि कोर्स होता तसाच राहतो.

दहावी पायरी: सेमिस्टर सुरू झाल्यावर

येथे बहुतेक कार्यशाळा थांबतात. आराखडा वर्गात गेल्यावर साधारण सहाव्या आठवड्यात सर्वांनी पुन्हा अर्धा दिवस भेटावे, आणि येताना प्रत्येकाने आपल्या विद्यार्थ्यांकडून निनावी चिठ्ठ्यांवर दोन प्रश्नांची उत्तरे घेऊन यावे: आतापर्यंत काय नीट समजले, आणि कोठे अडते. सेमिस्टरच्या शेवटी भरून घेतल्या जाणाऱ्या फीडबॅक फॉर्मचा त्या बॅचला काहीच उपयोग होत नाही. सहाव्या आठवड्यातील चिठ्ठीचा होतो. चिठ्ठ्या वाचून प्राध्यापकाने वर्गात जाऊन काय बदलणार आणि काय बदलता येणार नाही, हे सांगावे. विद्यार्थ्यांनी लिहिलेले कोणीतरी वाचले आहे हे त्यांना कळले, की पुढच्या चिठ्ठ्या अधिक नेमक्या येतात.

सेमिस्टर संपल्यावर आराखड्याच्या शेवटी एक पान जोडायला सांगावे. कोणत्या आठवड्यात वेळ कमी पडला, कोणता प्रश्न वर्गात चालला, कोणते काम विद्यार्थ्यांनी उतरवून आणले, कोणता निकष तपासताना अपुरा वाटला, एवढेच त्यात असावे. आराखडा, हे पान, रूब्रिक आणि विद्यार्थ्यांच्या कामाचे दोन-तीन नमुने, त्यांच्यावरील नावे काढून, विभागाच्या सामायिक ड्राइव्हवर ठेवावेत, कोणाच्या वैयक्तिक लॅपटॉपवर नव्हे. तासिका तत्त्वावरील प्राध्यापक पुढच्या वर्षी दुसऱ्या महाविद्यालयात असण्याची शक्यता मोठी असते, आणि त्यांच्या जागी जूनमध्ये जो येईल त्याला पहिल्याच दिवशी त्या फोल्डरचा दुवा आणि तो आराखडा करणाऱ्या सहकाऱ्याचा, त्याच्या संमतीने, फोन नंबर देण्याची जबाबदारी आयक्यूएसीने एका नेमक्या व्यक्तीकडे सोपवावी.